भिंतीच्या आधाराने

जे नियमाने निषिद्ध नाही ते करण्यास मनुष्य मोकळा आहे काय, हा प्रश्न धर्मशास्त्राप्रमाणेच क्रीडांगणावरही उपस्थित होतो. अमेरिकेतील मोटारींच्या एका शर्यतीत तो अवघ्या १९ सेकंदांत उभा राहिला, आणि त्याचा निकाल देण्यास तेथील नियामक संस्थेस तीन महिने लागले. ती हकीकत मननीय वाटल्यावरून वाचकांपुढे ठेवीत आहे.

दुकानात विक्रीस ठेवलेल्या मालातील गाडी ती ‘स्टॉक कार’. प्रारंभी अशा बाजारी गाड्याच शर्यतीत धावत. पुढे बाह्य रूप तेवढे तसे राखून गाडी शर्यतीसाठीच घडविण्याची रीत पडली. या शर्यतींची ‘नॅस्कार’ ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. २०२२ सालच्या नियमाप्रमाणे हंगामाच्या अखेरच्या १० शर्यतींत १६ चालक अजिंक्यपदाचे उमेदवार असत. दर तीन शर्यतींनंतर चौघे गळत व अंतिम शर्यतीस चौघेच उरत.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी व्हर्जिनिया संस्थानातील मार्टिन्सव्हिल येथे आठांतून हे चौघे निवडावयाचे होते. तेथील मार्ग अर्ध्या मैलाहून किंचित अधिक; दोन लांब सरळ बाजू आणि दोन्ही टोकांस फार अरुंद वळणे. फेऱ्या ५००. वळणाआधी वेग आवरला नाही, तर गाडी बाहेरच्या भिंतीवर आदळावयाची, हे तेथे पोरासही ठाऊक.

रॉस चॅस्टेन हा फ्लॉरिडातील, पिढ्यान्‌पिढ्या कलिंगडे पिकविणाऱ्या घराण्यातील तरुण. शेवटच्या फेरीत तो दहावा होता. डेनी हॅमलिन यास मागे सारून अंतिम चौघांत जाण्यास त्याला आणखी दोन गाड्या ओलांडणे अवश्य होते, आणि पुढे दोनच वळणे उरली होती. त्याने पाचवा गिअर टाकला, वेग तसाच ठेवून गाडी भिंतीस टेकविली व चक्रावरील पकड सैल सोडली. गाडी वळविण्याचे काम भिंतीने केले! इतर चालक ब्रेक दाबीत असता हा भिंत घाशीत पाच गाड्यांपुढे निघून गेला. हॅमलिनला तर त्याने अगदी रेषेपाशी गाठले. ती फेरी १८.८४५ सेकंदांची भरली. त्या मार्गावर स्टॉक कारची इतकी वेगवान फेरी पूर्वी कधीच झाली नव्हती.

ही युक्ती त्याने बाळपणी धाकट्या भावाबरोबर व्हिडिओ-खेळ खेळताना अनुभविली होती. परंतु पडद्यावरील भिंतीने कोणाचे डोके फुटत नाही. त्याच वर्षी कर्ट बुश व ॲलेक्स बोमन या दोघा चालकांच्या गाड्या भिंतीवर आदळून त्यांच्या मेंदूस धक्का बसला होता, व त्यांस शर्यतींना मुकावे लागले होते. शिवाय कडेच्या आसनांवर प्रेक्षक बसलेले असतात. एकाने केले ते साहस. तीसही जणांनी तेच केले तर तो अनर्थ होय. पुढच्याच आठवड्यात अजिंक्य ठरलेल्या जोई लोगानो याने या पराक्रमाचे कौतुक केले, पण याला बंदी हवी असेही सांगितले.

जानेवारी २०२३ अखेर संस्थेने निर्णय दिला. तिने नवा नियम केला नाही. सुरक्षिततेविषयीचे जे कलम पूर्वीपासून होते, त्याचाच अर्थ स्पष्ट करून यापुढे असे करणाऱ्यास दंड होईल असे जाहीर केले. चॅस्टेनने मिळविलेले मात्र काढून घेतले नाही. तो अंतिम शर्यतीत धावला आणि अजिंक्यपदात दुसरा आला.

आमच्या मते हा निवाडा उभय अंगांनी योग्य झाला. ज्याची प्राप्ती संभवते त्याचाच निषेध करावयाचा असतो, असे आपले मीमांसक मानतात. जे कोणाच्या स्वप्नीही नव्हते त्याचा निषेध आधी कोण करणार? वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षित वाट काढली, तर उद्या केलेल्या नियमाने त्याला आज छडी मारणे हा अन्याय. परंतु उद्या दुसऱ्याने त्याच उदाहरणाकडे बोट दाखविले, तर ते ऐकून घेणे हा दुबळेपणा. घरातील वडीलधाऱ्यांसही हा विवेक नित्य करावा लागतो. पहिल्याच्या कल्पकतेस दाद द्यावी, आणि दुसऱ्याचे डोके फुटण्यापूर्वी ती वाट बंद करावी.