टेबल लहान, बॉल तेवढेच

नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोड भागातल्या पूल पार्लरमध्ये संध्याकाळी गर्दी कुणाची असते? क्लास सुटलेली मुलं आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जनरल शिफ्ट संपवून आलेली मंडळी. हरणाऱ्यानं टेबलाचे पैसे भरायचे, हा अलिखित करार. पैसे जायचेच असतील तर निदान कारण तरी भक्कम हवं, आणि सगळ्यांत हाताशी असलेलं कारण म्हणजे टेबल. ‘‘हे छोटं टेबल आहे रे, मोठ्यावर ये, मग बघू!’’ मोठ्या टेबलावर हरलेला तितक्याच ठामपणे सांगतो, की एवढ्या मैदानावर हौशी माणसानं खेळायचंच कशाला. गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य असतं. बाकीचा भाग मात्र ऐकीव असतो.

मुळात ‘फुल साइज’ कशाला म्हणायचं, इथपासूनच घोळ आहे. महाराष्ट्रात क्यूचे खेळ जिमखान्यांतून आणि क्लबांतून वाढले, आणि तिथलं टेबल बिलियर्ड्स-स्नूकरचं, बारा फुटी. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं, तेही अशाच टेबलावर. त्यामुळे क्लबात वाढलेल्या जुन्या खेळाडूला पार्लरमधलं प्रत्येक पूल टेबल ‘छोटं’च वाटतं. पण पूल हा वेगळा खेळ आहे आणि त्याचं पूर्ण आकाराचं टेबल नऊ फुटीच असतं. स्नूकरच्या टेबलाची खेळायची जागा ११ फूट साडेआठ इंच बाय ५ फूट १० इंच, बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा, पॉकेटच्या कडा गोलसर. पूलचा बॉल त्याहून मोठा, ५७.१५ मिलिमीटर म्हणजे सव्वादोन इंचांचा, आणि पॉकेटच्या कडा कापल्यासारख्या सरळ. बारा फुटीच्या तुलनेत नऊ फुटी पूल टेबलाला ‘लहान’ म्हणणं म्हणजे कॅरम बोर्डाच्या मापानं बुद्धिबळाचा पट मोजणं.

आकड्यांचा घोळ इथंच संपत नाही. नऊ फुटी टेबल कुठूनही मोजलं तरी नेमकं नऊ फूट भरत नाही. कुशनच्या, म्हणजे आतल्या रबरी कडेच्या, टोकापासून समोरच्या कुशनच्या टोकापर्यंत खेळायची जागा भरते १०० इंच, म्हणजे आठ फूट चार इंच; रुंदी ५० इंच. बाहेरच्या लाकडासकट मोजलं तर लांबी नऊ फुटांच्या वर जाते. आठ फुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या टेबलाची खेळायची जागा साधारण ८८ बाय ४४ इंच, सात फुटीची ७८ बाय ३९ इंचांच्या आसपास. आपल्याकडे ‘आठ बाय चार’ असं सरसकट म्हटलं जातं. ते माप आतलं की बाहेरचं, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा खिशात टेप ठेवलेला बरा.

आता मुख्य गैरसमज: लहान टेबल म्हणजे सोपा खेळ, पोरासोरांचा.

तिन्ही टेबलांची लांबी रुंदीच्या दुप्पटच असते. कडेच्या लाकडावरच्या खुणा, म्हणजे ‘डायमंड’, त्याही तेवढ्याच असतात, त्यामुळे कुशनवरून बॉल फिरवण्याचं गणित बदलत नाही. टेबलाची उंची बदलत नाही. बदलत नाही ती आणखी एक गोष्ट, आणि खरी मेख तिथंच आहे: बॉल. टेबल आखडलं तरी बॉल सव्वादोन इंचांचेच राहतात आणि एट-बॉलमध्ये क्यूनं मारायच्या पांढऱ्यासकट सोळाच राहतात. नऊ फुटी टेबलावर ५,००० चौरस इंच जागा. म्हणजे एका बॉलच्या वाट्याला तीनशेहून अधिक चौरस इंच. सात फुटीवर एकूण ३,०४२ चौरस इंच. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १९०. ब्रेकनंतर, म्हणजे पहिल्या फटक्यानंतर, बॉल एकमेकांना चिकटून बसतात, पॉकेटच्या वाटेत समोरच्याचा बॉल आडवा येतो, पांढरा पुढच्या शॉटसाठी न्यायचा तर दोन बॉलांच्या फटीतून काढावा लागतो. रविवारच्या मेन रोडवरून दुचाकी काढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणून लहान टेबलावर पॉट करणं सोपं आणि टेबल साफ करणं अवघड, असा विचित्र प्रकार होतो. नवशिक्याला पहिले चार बॉल पटापट जातात आणि आपण फार भारी खेळतो असं वाटू लागतं. पाचवा बॉल समोरच्याच्या दोन बॉलांमागे अडकलेला असतो. नाइन-बॉल खेळलात तर मात्र चित्र पालटतं. पांढऱ्यासकट दहाच बॉल असल्यानं सात फुटीवरही मोकळीक राहते, आणि तिथं लहान टेबल खरोखरच सोपं पडतं. कोणतं टेबल अवघड हे विचारण्याआधी कोणता खेळ खेळायचाय ते सांगावं लागतं.

मोठ्या टेबलाची बाजू घेणाऱ्यांकडेही भक्कम मुद्दा आहे, फक्त तो ते नीट मांडत नाहीत. ‘‘लांब पडतं’’ एवढंच म्हणतात. किती लांब? सात फुटीचा कर्ण सुमारे ८७ इंच, नऊ फुटीचा ११२. म्हणजे अंतर २८ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला फार वाटत नाही. पण पूलमध्ये चूक दोनदा वाढते. पांढरा रंगीत बॉलपर्यंत जाताना क्यूची बारीकशी चूक पसरते, आणि तिथून रंगीत बॉल पॉकेटपर्यंत जाताना ती पुन्हा पसरते. दोन्ही टप्पे २८ टक्क्यांनी लांबले, की १.२८ गुणिले १.२८, म्हणजे १.६४.

सरळ शॉटचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. पांढऱ्यापासून बॉल ४० इंचांवर, बॉलपासून पॉकेट ४० इंचांवर, पॉकेटचं तोंड साडेचार इंच. इथं क्यूची दिशा साधारण एक दशांश अंशानं चुकली तरी चालते, त्यापुढे बॉल कडेला आपटून परत येतो. हाच शॉट त्याच प्रमाणात नऊ फुटीवर नेला, की माफीची हद्द जवळपास ०.०६ अंशांवर येते. लहान टेबलावर डोळे मिटून जाणारा बॉल मोठ्यावर पॉकेटच्या जबड्यात थरथरत का थांबतो, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे. जोराचं तसं नाही. मोठ्या टेबलावर ताकदीनं मारावं लागतं, हा समज निव्वळ चुकीचा. घरंगळणाऱ्या बॉलला २८ टक्के जास्त अंतर कापायचं असेल तर सुरुवातीचा वेग साधारण १३ टक्केच वाढवावा लागतो. मोठ्या टेबलावर नवखे खेळाडू चुकतात तेव्हा अनेकदा ते विनाकारण जोरात मारत असतात.

‘खरे खेळाडू सात फुटी टेबलाला हातही लावत नाहीत’ हे आणखी एक पार्लरी सत्य. जागतिक नाइन-बॉल स्पर्धा नऊ फुटीवर होते, हे बरोबर. पण हौशी पूलचं जग बव्हंशी लहान टेबलावरच चालतं. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या लीगमधून अमेरिकन पूलप्लेअर्स असोसिएशन उभी राहिली. तिचे सामने मुख्यतः बारमधल्या सात फुटी टेबलांवर होतात. ही टेबलं नाणं टाकून चालवायची. पॉट झालेले बॉल पोटात अडकून राहायचे आणि पांढरा तेवढा बाहेर यायचा. तो ओळखता यावा म्हणून जुन्या टेबलांत पांढरा इतरांपेक्षा मोठा किंवा जड ठेवत, पुढे त्यात चुंबकीय युक्ती आली. जड पांढरा मागे खेचणं म्हणजे डोकेदुखी. आपल्याकडे भाडं तासावर किंवा फ्रेमवर असल्यानं ही भानगड फारशी आली नाही. पाच वेळा यूएस ओपन आणि २०२२ मध्ये जागतिक नाइन-बॉल जिंकणारा शेन व्हॅन बोनिंग सात फुटीवरच्या बार टेबल स्पर्धांतही उतरला आणि त्याही त्यानं अनेकदा जिंकल्या. अमेरिकेतली फार्गोरेट ही मानांकन पद्धत तर सात फुटी आणि नऊ फुटीवरचे सामने एकाच हिशेबात धरते.

ब्रिटिश पबमधलं सात फुटी टेबल या वादात ओढू नये. तिथं बॉल दोन इंचांचे, पांढरा त्याहूनही लहान आणि पॉकेट स्नूकरसारखी गोल कडेची. ते भावंड वेगळ्या घरातलं.

आकाराच्या या भांडणात पॉकेटकडे कुणाचं लक्ष जात नाही. हौशी खेळाडूच्या खेळावर त्याचाच परिणाम सर्वाधिक होतो, असं सगळा हिशेब पाहून म्हणावंसं वाटतं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेचार ते चार आणि पाच अष्टमांश इंच असावं. मधल्याचं पाच ते पाच आणि एक अष्टमांश. साडेचार इंच म्हणजे बरोबर दोन बॉल शेजारी शेजारी. तपासायला मोजपट्टीही नको: कोपऱ्याच्या तोंडाशी दोन बॉल लावावेत. बाजूला बोट सहज जात असेल तर पॉकेट सैल आहे. सैल पॉकेटचं नऊ फुटी टेबल आवळ पॉकेटच्या सात फुटीपेक्षा जास्त लाड करतं. वर्षानुवर्षं सैल पॉकेटवर खेळलेला खेळाडू दुसऱ्या पार्लरमध्ये गेला की आपली नेमबाजी बिघडली असं समजतो. ती आधीपासून तशीच होती, टेबल झाकून घेत होतं.

दुसरं म्हणजे कापड. पूलसाठी घट्ट विणीचं, जवळपास लव नसलेलं कापड वापरायचं असतं. स्नूकरच्या कापडाला लव असते आणि तिची दिशाही खेळात धरावी लागते. पूल टेबलावर लव असलेलं कापड चढवलेलं असेल तर बॉल सुस्तावतो आणि सात फुटी टेबलही लांबलचक वाटू लागतं. त्यात नाशिकचा पावसाळा. जून ते सप्टेंबर हवा दमट, कापड ओल धरतं, बॉल जड चालतो, कुशनवरून येणारी उडी बदलते. व्यावसायिक स्नूकरच्या टेबलांना तळाच्या स्लेटखालून ऊब देतात ती याचसाठी. जुलैत जे टेबल मंद म्हणून बदनाम होतं, तेच डिसेंबरच्या कोरड्या थंडीत सुसाट पळतं. मार्कर, म्हणजे पार्लरमध्ये टेबलं सांभाळणारा माणूस, हे जाणतो. खेळणारे आकाराला दोष देतात.

स्नूकरवाला पूलवर आला की सगळे त्याला घाबरतात, तेही काही अंशी खरं आहे. साडेतीन इंचांच्या आसपासच्या पॉकेटवर घडलेल्या हाताला साडेचार इंच मोकळं वाटणारच. पण ब्रेकचा दणका, दाटीतून पांढरा काढणं, नेमके कोणते बॉल आधी घ्यायचे याचा क्रम हे सगळं त्याला नव्यानं शिकावं लागतं. तोवर पहिल्या काही फ्रेमचे पैसे तोही भरतो.

टेबल घरी आणणाऱ्यांचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. पाथर्डी फाट्याला किंवा इंदिरानगरला बंगला, वर रिकामी खोली, म्हणून सात फुटी टेबल घ्यायचं, कारण ‘खोली लहान आहे’. खोली टेबलाला लागत नाही, क्यूला लागते. पांढरा कुशनला चिकटला तरी ५८ इंची क्यू मागे घेता आला पाहिजे, आणि तोही चारही बाजूंनी. त्या हिशेबानं सात फुटीला किमान १२ फूट ११ इंच बाय १६ फूट २ इंच खोली हवी. नऊ फुटीला १३ फूट १० इंच बाय १८ फूट. फरक रुंदीत अकरा इंच, लांबीत बावीस. दोन्हींत हात मागे ओढायला वर सहा-सहा इंच सोडावेत. तेरा बाय सोळाची खोली म्हणजे सात फुटीलाही अपुरी. मग भिंतीला क्यूची टोकं लागून रंग निघतो आणि घरात ४८ इंची आखूड क्यू येतो. त्यानं खोलीची गरज ११ फूट ३ इंच बाय १४ फूट ६ इंचांवर उतरते खरी, पण हात त्याच क्यूला सरावला की पार्लरमधला लांब क्यू अंगावर येतो. एखाद्या बाजूलाच अडचण असेल तर आखूड क्यू तेवढ्यापुरता वापरावा, बाकी खेळ पूर्ण लांबीच्याच क्यूनं.

शेवटी टेबलाचा तळ. स्पर्धेच्या टेबलाला किमान एक इंच जाडीची स्लेट लागते. स्वस्त टेबलात संगमरवर किंवा लाकडी फळी बसवतात. संगमरवर धकून जातो, फळी मात्र दमटपणानं वाकते. नऊ फुटी टेबलाची स्लेट बहुधा तीन तुकड्यांची असते, जोड नीट भरले नाहीत तर बॉल सांध्यावर हलकेच उडी मारतो. पैसे देण्याआधी एकच करावं: पांढरा बॉल अगदी हळू, लांबीच्या दिशेनं सोडावा, जेणेकरून तो समोरच्या कुशनपाशी जेमतेम पोहोचेल. मग रुंदीच्या दिशेनं, मग दोन्ही कर्णांवर. शेवटच्या एका वितीत तो कुठल्याही बाजूला वळला, तर सात फुटी की नऊ फुटी हा प्रश्न बाजूला ठेवून आधी मिस्त्रीला बोलवून लेव्हल करून घ्यावी.