वाटेतला माल विसरू नका

कपड्याच्या धंद्यात खोट केवळ भावामुळे येत नाही, निर्णयाच्या वेळेमुळेही येते. एका ईदच्या हंगामात आम्ही हे भोगले. दुकानदारांची मागणी थोडी वाढली म्हणून आम्ही यंत्रमागवाल्याकडे ऑर्डर दिली. माल यायला तीन आठवडे होते. मध्येच दुकानदारांचे तगादे सुरू झाले, तेव्हा तेवढीच ऑर्डर पुन्हा दिली. मागवाल्यानेही जादा सूत भरले. ईद झाल्यावर सगळ्या गाठी एकदम दारात आल्या!

यात बेइमान कोणीच नव्हता. प्रत्येकाचा हिशेब आपल्या जागी बरोबर होता.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत याच गोष्टीचा एक खेळ तयार झाला. दुकानदार, ठोक व्यापारी, वितरक आणि कारखानदार असे चौघे बसतात. आपसात बोलायचे नाही. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला ४ पेट्यांवरून एकदाच ८ वर जाते व तिथेच राहते. तरी कारखान्यापर्यंत ऑर्डरी कितीतरी पट फुगतात आणि पुढे जवळपास बंद पडतात. कारण काय? मागवलेला, पण अजून न पोहोचलेला माल खेळाडू पुरता हिशेबात धरत नाहीत, असे जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये दाखवले.

आम्ही वहीत आता ‘वाटेतला माल’ असा रकाना ठेवला आहे. तो पाहिल्याशिवाय दुसरी ऑर्डर देत नाही. दुकानदाराला रोजची खरी विक्री विचारतो आणि तीच मागवाल्याला कळवतो. घाईपेक्षा खबर स्वस्त पडते.