आजीचे बोल वहीत उतरवा

आपल्या घराण्यांचा इतिहास बखरींत नाही. गावच्या दप्तरात आपले पूर्वज सापडलेच तर वतनाच्या नोंदीपुरते. बाकी सारे आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या आसपास आहे. ही माणसे गेल्यावर विचारायचे कोणाला?

हे काम घरातल्या मुलांवर सोपवा. आईबापांना कामावरून आल्यावर उसंत नसते, आणि जी गोष्ट लेकाला सांगताना आजी अडखळते, ती नातवाला सहज सांगते. शंभर पानी वही, पेन आणि घरातला मोबाईल एवढे पुरे.

मुलांना प्रश्न विचारायला मात्र शिकवले पाहिजे. "आजी, इतिहास सांग," म्हटले तर ती म्हणेल, "माझा कसला आलाय इतिहास?" त्याऐवजी विचारावे : पाणी कुठून आणायचीस? शाळेत तुम्हाला कुठे बसवायचे? मेलेली गुरे ओढायचे आपल्या घरात पहिल्यांदा कोणी सोडले? घरातले देव कोणी, कधी पाण्यात सोडले? त्यानंतर गाव कसे वागले? मुंबईला पहिल्यांदा कोण आले आणि कोणाच्या खोलीत उतरले? आजोबा गिरणीत असतील तर खाते विचारावे. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. एका खात्याच्या नावामागे एवढा इतिहास असतो.

साल आठवत नसेल तर खूण धरावी. कोयनेचा भूकंप 1967 चा, मोठा दुष्काळ 1972 चा, नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या त्या 1978 साली, गिरण्यांचा संप 1982 चा. "दुष्काळात तुझा बाप केवढा होता?" एवढे विचारले की साल आपोआप निघते.

आजीची बोली मुलांनी शुद्ध करू नये. ती "व्हतं" म्हणाली तर "व्हतं"च लिहावे. आजी एक सांगते आणि चुलत आजोबा दुसरे, असे झाले तर खरेखोटे ठरवत बसू नये. दोन्ही लिहावे, कोणी सांगितले ते नावानिशी लिहावे. प्रत्येक पानावर तारीख आणि गाव हवे. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आले तर वही मिटावी. आजीने "हे लिहू नको" म्हटले तर लिहू नये, तो तिचा अधिकार आहे.

या कामाचे मोल आपल्या भगिनींनी आधीच ओळखले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 साली दिले. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या गटाने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. त्या रचणाऱ्या कितीतरी बायांना अक्षरओळख नव्हती. आपल्या आजीला अशी ओवी येत असेल तर ती तिच्याच आवाजात घ्यावी.

मोबाईल हरवतो, बिघडतो. म्हणून ऐकलेले त्याच आठवड्यात वहीत उतरवावे, वहीची एक प्रत नातलगाकडे ठेवावी. जुन्या फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने माणसांची नावे लिहावीत.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एका मुलाला आपल्या वहीतले एक पान वाचायला सांगा. आपल्या आजीचे नाव सभेत घेतले गेले, हे त्या मुलाच्या कायम लक्षात राहील. आणि पुढच्या पौर्णिमेला दुसऱ्या घरातली वही येईल.