संगणक कोणाच्या सहीने येतो?

विद्यापीठात नवा संगणकीय प्रकल्प आला की समारंभ होतो, फीत कापली जाते, कुलगुरूंचे छायाचित्र छापून येते. पण त्या प्रकल्पाला मंजुरी कोणत्या बैठकीत मिळाली, त्या बैठकीला कोण हजर होते आणि कोणी काय विचारले, हे कुठेच छापून येत नाही. आमच्या मते खरी बातमी तीच असते.

२०१७ चा उन्हाळा आठवा. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठ्यांची ने-आण वाचते, बेरजेच्या चुका टळतात, कोणी किती पेपर तपासले याची नोंद राहते. परंतु परीक्षा सुरू होऊन गेल्यावर कंत्राट ठरले. प्राध्यापकांचे प्रशिक्षण घाईत उरकले. एखाद्या शाखेत हंगामभर चाचणी घेऊन मग पुढे जाण्याऐवजी सगळा डोलारा एकाच वेळी उभा केला गेला.

कायदा सांगतो की निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. विधी शाखेचे विद्यार्थी शेवटच्या रांगेत राहिले. काही उत्तरपत्रिका तर सापडल्याच नाहीत. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले.

कुलगुरू गेले. विद्यार्थ्यांचे गेलेले महिने कोणी परत दिले? ज्याच्या बापाची ऐपत आहे, तो खासगी विद्यापीठात पैसे भरून जागा धरून ठेवतो. ज्याला शिष्यवृत्तीच्या अर्जाला गुणपत्रिका जोडायची आहे, ज्याची वसतिगृहातली खोली पुढच्या प्रवेशावर अवलंबून आहे, जो घरातला पहिलाच पदवीधर होणार आहे, त्याने काय करावे? निकाल सगळ्यांचाच लांबतो, पण त्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

आता कोणी म्हणेल, तुमचा तंत्रज्ञानालाच विरोध आहे. मुळीच नाही. यंत्राला दोष देणाऱ्या गांधीवादाचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात घेतला आहे. यंत्र वाईट नसते, ते ज्या समाजरचनेच्या हाती असते ती सदोष असते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. आमचाही प्रश्न तोच आहे. संगणक चांगला की वाईट हा वाद कधीच संपला. तो आणायचा निर्णय कोणाच्या हाती, हे विचारायचे आहे.

कायद्याने हा निर्णय एका माणसाच्या हाती दिलेला नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे, परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे, वित्त व लेखा समिती, खरेदी समिती, व्यवस्थापन परिषद आणि अधिसभा आहे. इतक्या चाळण्या कशासाठी? प्रस्ताव प्रत्येक चाळणीतून गाळून निघावा यासाठी. त्याच कायद्यात कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी स्वतः कार्यवाही करून नंतर संबंधित प्राधिकरणाला कळवण्याचाही अधिकार आहे. तो अपवाद आहे. पण अपवादाचा दरवाजा एकदा सवयीचा झाला की पुढच्या दाराला कुलूप लागते.

वकिली करताना एका विद्यापीठातील अशीच एक फाईल माहिती अधिकारात पाहण्याचा योग आम्हाला आला. विद्यापीठाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. दरपत्रके होती, तुलनात्मक तक्ता होता, सह्या होत्या. गरज काय, या रकान्यात एकच वाक्य होते : संगणकीकरण ही काळाची गरज आहे. किती विद्यार्थी ही व्यवस्था वापरणार, त्यांतल्या किती जणांकडे संगणक आहे, यंत्रणा बंद पडली तर पर्याय काय, यावर एक ओळही नव्हती. मंजुरी मात्र एकमताने होती. एकमत सोपे असते, कारण ज्याचे नुकसान व्हायचे असते तो त्या टेबलापाशी बसलेलाच नसतो.

त्याला बसायला जागा मिळावी, ही मागणी आजची नाही. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्ती विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी विद्यापीठाच्या अधिसभेवर मागासवर्गीयांना प्रतिनिधित्व मिळावे, असा आग्रह धरला होता. आजच्या कायद्यात अधिसभेवर पदवीधरांच्या १० जागा आहेत. त्यांपैकी ५ राखीव आहेत : अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक. पण जागा कायद्यात असणे वेगळे आणि माणूस खुर्चीत असणे वेगळे. मुंबई विद्यापीठात पदवीधरांची निवडणूक झाली मार्च २०१८ मध्ये, म्हणजे निकालाचा गोंधळ होऊन गेल्यावर. त्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. निवडणूक लांबते तेव्हा या पाच राखीव खुर्च्या रिकाम्या राहतात. निविदा मात्र निघत राहतात.

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रकल्पाचा आराखडा मंजुरीपूर्वी मराठीत प्रसिद्ध करा आणि हरकतींसाठी मुदत द्या. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार महत्त्वाच्या निर्णयांची वस्तुस्थिती आणि कारणे आपणहून जाहीर करणे हे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्यच आहे. परीक्षेशी निगडित कोणतीही नवी यंत्रणा आधी एका शाखेत, एका हंगामात चालवून पाहा, त्याचा अहवाल अधिसभेपुढे ठेवा आणि मगच पुढे जा. जुनी पद्धत किमान एक वर्ष तयार ठेवा. कंत्राटदाराचे देयक निकाल वेळेवर लागण्याशी जोडा. आणि मंजुरी देणाऱ्या बैठकीत विद्यार्थ्यांचा व राखीव जागांवरील सदस्यांचा अभिप्राय लेखी नोंदवा. यातली एकही गोष्ट अवघड नाही आणि एकीलाही फार पैसा लागत नाही.

कोणी म्हणेल, याने कामाला उशीर होईल. होऊ दे. मंजुरीला तीन महिने उशीर झाला तर कोणाचे वर्ष बुडत नाही. घाईने दिलेल्या मंजुरीने काय होते, ते २०१७ साली हजारो विद्यार्थ्यांनी सोसले आहे.

आपल्या कार्यकर्त्यांनाही दोन शब्द. निकाल लांबला की आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो आणि घरी येतो. तोवर निर्णय होऊन वर्ष लोटलेले असते. मोर्चा जरूर काढावा, पण त्याआधी अंदाजपत्रक वाचावे. अधिसभेतील आपल्या सदस्याला विचारावे की संगणकाच्या मदीत किती रक्कम आहे आणि ती कशावर खर्च होणार. आणि सर्वांत आधी, वस्तीतल्या प्रत्येक पदवीधराचे नाव पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नोंदवावे. आपल्यातले किती वकील, शिक्षक, बँक कर्मचारी पदवी भिंतीवर टांगून बसले आहेत आणि यादीत त्यांचे नावच नाही! पुढची नोंदणी सुरू होईल तेव्हा पदवीची प्रत हाताशी असू द्या.