उजनीच्या गोड्या पाण्यात

कुगावच्या काठाला आम्ही पोचतो तेव्हा ऊन नुकतंच पाण्यावर उतरतंय. सोलापुरातून अंधारात निघालो होतो. मोहोळ, टेंभुर्णी, कंदरच्या केळीच्या बागा, मग जेऊर, चिखलठाण. गाडीत आमचे हे, दोन्ही घरची पोरं, अक्का, ह्यांचे यंत्रमागवाले दोस्त अण्णा आणि मांडीवर निळी पेटी घेऊन बसलेले दाजी. दाजी मालवणचे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे लहानपणापासून गरवायला जाणारा माणूस. सासुरवाडीला आले की त्यांचा हात सुना सुना होतो. म्हणून या खेपेला आम्हीच त्यांना म्हटलं, दाजी, रॉड घेऊन या. समुद्र नाही, पण पाणी दाखवतो.

आणि पाणी आहेच. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमा अडली, तेव्हापासून आमच्या कोरड्या जिल्ह्याच्या या कडेला ११७ टीएमसी मावेल एवढा जलाशय पसरलेला आहे. समोर कळाशी, इंदापूर तालुका. मधल्या पाण्यात पांढरट गुलाबी रेघ दिसते, ते रोहित पक्षी. धाकटी ओरडणार तेवढ्यात अक्का तिच्या खांद्यावर हात ठेवते.

फेब्रुवारी संपत आलाय. कालव्याचं आवर्तन चालू आहे, पाणी मागे हटतंय. उघड्या पडलेल्या जमिनीत कुणी गाळपेर केलीय. शेतकऱ्यांच्या मोटारी पाण्यामागे पुढे सरकवलेल्या, काळे पाइप चिखलातून गेलेले. काठाच्या ओल्या मातीत ताटाएवढे गोल खळगे दिसतात.

"हे कुणी उकरलेत?" धाकटी विचारते.

"चिलापीनं," तात्या म्हणतात. "नर करतो. मादी त्यात अंडी टाकती आन् मग तोंडात धरून बसती. पिल्लं मोठी हुईस्तवर सोडत न्हाई."

तात्या भोई. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या भीमेवर जगलेलं, आता धरणावर. त्यांना विचारल्याशिवाय आम्ही इथे गळ टाकत नाही. पत्र्याची होडी काठाला ओढून ते रात्रीच्या जाळ्यातले मासे सोडवत बसलेत. बोटं थांबत नाहीत, नजर मात्र सारखी पाण्यावर.

दाजी पेटी उघडतात. पोरं वाकून बघतात. आत रंगीत, चकचकीत प्लास्टिकचे मासे, पोटाखाली तिहेरी गळ. तांबोशीसाठी हा, जिताड्यासाठी तो. दाजी रॉड मागे नेतात, मनगटाला झटका देतात, आणि दोरी हवेत लांब सळसळत जाते. अण्णा टाळ्या वाजवतात. दाजी सावकाश रीळ गुंडाळतात, पुन्हा फेकतात. पुन्हा. काही लागत नाही.

"काका, भरती कधी येते इथं?" थोरला विचारतो.

"नाही रे येत. तेच कळत नाहीये मला." दाजी पाण्याकडे बघत बोलतात. "आमच्याकडे भरतीच्या तोंडाला मासा खाडीत शिरतो. घड्याळ लावून बसावं. इथे घड्याळच नाही."

तात्या उठून जवळ येतात. "दादा, घड्याळ हाय. वरनं पुण्याच्या धरणांचं पाणी आलं की चढतं, खाली कालव्याला सोडलं की उतरतं. उतारात मासा खोलात जातो. आन् त्यो तुमचा खोटा मासा कटल्याला दावून काय उपेग? कटला माशाला खात न्हाई. त्यो पाण्यातलं बारीक बारीक गाळून खातो."

दाजी रॉड खाली घेतात. त्यांच्या चेहऱ्यावर शिकायला बसलेल्या माणसाची उत्सुकता आहे, आणि मला ते फार आवडतं. तात्या मातीवर काडीने तीन रेघा ओढतात. वरची कटल्याची, मधली रोहूची, तळाची मृगळाची. एकाच पाण्यात तिघं, पण जेवणाची जागा वेगळी. तुमचं प्लास्टिक मरळीला, शिंगाड्याला चालेल, ते शिकारी. बाकीच्यांना कणीक आणि शेंगदाण्याची पेंड. अक्का लगेच डब्यातली कणीक काढते. पेंड तात्यांकडे आहे.

"त्या तिकडं मात्र टाकू नका. खाली बाभळीची खोडं हायती."

"मग मासा तिथेच असणार की!"

"असतोच. पर गळ निघत न्हाई."

पेंडीची गोळी लावून धाकटी साधी बांबूची काठी धरते. थर्माकोलचा तुकडा पाण्यावर डुलतो. एकदा दबतो, वर येतो. तात्या तिच्याकडे न बघता म्हणतात, "थांब." पुन्हा दबतो. "थांब." तिसऱ्यांदा तो आडवा ओढला जातो. "आता!"

काठी वाकते, आणि काठावर तळहाताएवढी चिलापी उड्या मारते. करड्या अंगाची, पाठीचे काटे ताठ. दाजी ओला हात करून ती धरतात, काट्याकडून नव्हे, डोक्याकडून, आणि गळ सोडवतात. मूळची ही आफ्रिकेतली. मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली, आणि ती खाऱ्या पाण्यातही तगते. हे ऐकून दाजी तिच्याकडे गाववाल्याकडे बघावं तसं बघतात.

थोरल्याला रोहूचं पोर लागतं, वीतभरही नाही. तो खूश होऊन पिशवी उघडतो, आणि तात्यांचा आवाज पहिल्यांदा चढतो. "सोड त्याला." मग शांतपणे सांगतात. रोहू, कटला पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. थांबलेल्या पाण्यात त्यांची पैदास होणं अवघड. म्हणून बाहेरून बोटुकली आणून सोडावी लागते. बारीक जाळी लावणारे ती वाढायच्या आधीच उचलतात आणि वर्षाचं पोट एका दिवसात मारतात. थोरला पाण्यात गुडघाभर उतरतो, मासा दोन्ही हातांनी पाण्याखाली धरतो, मग हात उघडतो. मला त्या क्षणी वाटतं, आज घरी काहीच नेलं नाही तरी चालेल.

ऊन चढतं. दाजींना मधल्या खोल पाण्यात जायचंय. पोरांसाठी त्यांनी मालवणहून तरंगती जॅकेटं आणलीत, ती ते पोरांच्या अंगावर चढवून पट्टे आवळतात. तात्या होडीकडे वळतात, आणि थबकतात. पलीकडच्या काठाशी पाण्यावर एक काळसर पट्टा धावतोय. मला तर तो दिसलाही नसता.

"आता न्हाई जायचं," तात्या म्हणतात.

कुणीही काही बोलत नाही. २१ मे २०२४ ला इथूनच, कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली, त्यांत दोन लहान लेकरं. हे पाणी तलावासारखं दिसतं म्हणून माणूस त्याला तलाव समजतो. त्याची रुंदी मैलांची, आणि वाऱ्याला अडवणारं मध्ये काही नाही. शनिवार-रविवारी गाड्या भरून इथे येणाऱ्या आम्हा शहरवाल्यांना कुणीतरी हे ठणकावून सांगायला हवं. मासा लागला नाही तर पुढच्या आठवड्यात लागेल. जॅकेटाशिवाय होडीत पाय नको, आणि पाण्यावरच्या माणसानं नाही म्हटलं की वाद नको.

दाजी वाद घालत नाहीत. पोरांचे पट्टे सोडवतात. "आमच्याकडे पर्यटक हट्ट करतात तेव्हा मी हेच सांगतो," ते म्हणतात. "आज मी पर्यटक."

वीस मिनिटांत लाटा काठावर फुटायला लागतात. मोटारींचे पाइप हलतात. आम्ही बाभळीच्या आडोशाला बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खातो, तात्याही बसतात. जेवणानंतर तात्यांच्या तराजूवर त्यांचा एक कटला चढतो आणि ते सांगतील त्या भावाने आम्ही पैसे देतो. घासाघीस अण्णाच करू देत नाहीत. धाकटीच्या चिलाप्या वेगळ्या पिशवीत. आता भांडण कालवणाचं. दाजींनी कोकम आणि तिरफळं आणलीत, अण्णांच्या घरी चिंचेचा पुलुसु ठरलेला, आणि ह्यांना काळ्या मसाल्याशिवाय मासा मासा वाटत नाही. शेवटी तीन पातेली ठरतात.

गाडीत बसताना दाजी तात्यांचा हात हातात घेतात. "नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की मालवणला या. तिथे मी सांगणार, तुम्ही ऐकायचं."

"ऐकीन की," तात्या म्हणतात. मग जरा थांबून गंभीरपणे विचारतात, "माझ्या मापाचं जॅकेट हाय न्हवं तुमच्याकडं?"