गाड्या हलल्या नाहीत

सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या सोसायटीचे मामा पार्किंगमध्ये एक फेरी मारतात. हातात काही नसतं, नुसती नजर फिरवतात. परत येऊन म्हणतात, "गाड्या हलल्या नाहीत. दुपारी अजून एकदा मोटार लावावी लागणार."

वाकडला आमची १२० फ्लॅटची सोसायटी. गाड्या उभ्या म्हणजे माणसं घरून काम करणार, म्हणजे पाणी जास्त लागणार. समितीत पाण्याचं खातं माझ्या गळ्यात पडलं तेव्हा गाड्यांवरून पाण्याचा अंदाज बांधायची ही रीत मला गमतीची वाटली होती. ती फारशी चुकत नाही, हे पुढे कळलं.

फेरी झाली की मामा जमिनीखालच्या टाकीचं झाकण सरकवतात आणि फुटाफुटावर रंगाच्या खुणा केलेला बांबू आत सोडतात. वर काढून ओल कुठवर आली ते बघतात. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून पाणी दिवसाआड येतं. व्हॉल्व्हमन रस्त्यावरच्या चेंबरमध्ये लांब चावी घालतो, आटे मोजत व्हॉल्व्ह उघडतो आणि ठरल्या वेळेला बंद करतो. तेवढ्यात जे टाकीत पडेल त्यावर दोन दिवस काढायचे. म्हणून आपण घरून काम करतो की ऑफिसात जातो, याचा रस्त्यातल्या पाइपला पत्ताच लागत नाही. ज्या शहरांत नळाला चोवीस तास पाणी असतं, तिथे २०२०च्या टाळेबंदीत सकाळच्या वापराची गर्दी उशिरा सरकल्याचं पाणीखात्यांना आकड्यांत दिसलं. आमच्याकडे ते बांबूवर दिसतं.

कागदावरचा हिशेब सोपा आहे. आपल्या मानकांत घरासाठी माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि ऑफिससाठी ४५. हे ४५ लिटर म्हणजे संडास, हात धुणं, चहा, कँटीन. माणूस घरी थांबला की तेही त्याच्यामागोमाग घरी येतात. आमच्यातले दीडशे जण सोमवारी घरी राहिले तर ६,७५० लिटर वाढतात, म्हणजे दहा हजारांच्या टँकरचा दोन तृतीयांश. शिवाय खातंही बदलतं. हिंजवडीच्या आयटी पार्कला पाणी एमआयडीसीचं, वाकडच्या घरांना महापालिकेचं. एकाकडे वाचलेलं पाणी दुसऱ्याच्या हिशेबात खर्ची पडतं.

वाचलेल्या पाण्याचं काय होतं, ते मी ऑफिसात पाहिलं. आमची हजेरी मंगळवार ते गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी मजले रिकामे झाले की पाइपातलं पाणी चार दिवस जागच्या जागी उभं राहतं. एका मंगळवारी मी मुद्दाम सातलाच गेलो. इमारतीचे प्लंबरदादा सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीपासून सगळ्यात लांबच्या पँट्रीत उभे होते. काचेची छोटी नळी त्यांनी खुणेपर्यंत भरली, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकले, बूच लावून उलटीपालटी केली आणि पांढऱ्या बेसिनसमोर धरली. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं व्हायला हवं. ते होतं तसंच राहिलं.

"दिसायला काचेसारखं आहे," मी म्हणालो.

"त्यालाच भुलतात लोक." त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि खाली बादली लावली. "हे फरशीला."

पाणी उभं राहिलं की क्लोरीन हळूहळू संपत जातो, आणि कोमट, साचल्या पाण्यात जंतूंना मोकळं रान मिळतं. तिसरी बादली भरत आली तेव्हा त्यांनी पुन्हा नळी भरली. या वेळी फिकट पिवळा रंग चढला. पट्टीशी ताडून ते म्हणाले, "झिरो पॉइंट टू. चालतंय." नळाशी निदान इतका, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन उरावा असं मानक सांगतं. मग पुढचा नळ.

नंतर त्यांनी मला गच्चीवर नेलं. इमारत भरलेली असेल, हे धरून बांधलेली पाण्याची टाकी आता दिवसात संपतच नाही. म्हणून त्यांनी बॉलकॉकचा दांडा वाकवून त्याचा गोळा खाली आणून ठेवलाय. टाकी निम्मीच भरते आणि पाणी खेळतं राहतं. आग विझवायच्या पाण्याची टाकी वेगळी, तिला मात्र ते हात लावत नाहीत.

"कुठल्या मजल्यावर किती माणसं येणार, हे आधी कळलं तर बरं होईल," जिना उतरताना ते म्हणाले. "रिकाम्या मजल्याचे नळ आधी घेईन."

माझ्या फोनमधल्या खुर्ची राखून ठेवायच्या अ‍ॅपमध्ये हे सगळं मजल्यांनुसार दिसत होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचवायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही. आता सोमवारी संध्याकाळी मी त्याचा फोटो त्यांना पाठवतो. त्याआधी, सकाळी साडेनऊला, मामा पार्किंगमध्ये माझी गाडी मोजून गेलेले असतात.