पडीक गिरणीखालची माती तपासायची कोणाच्या पैशाने?

अमेरिकेत बंद पडलेल्या कारखान्यांच्या, गिरण्यांच्या आणि पेट्रोल पंपांच्या ज्या जागा प्रदूषणामुळे किंवा निव्वळ त्याच्या संशयामुळे वापराविना पडून राहतात, त्यांना ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. अशा जागा साडेचार लाखांहून अधिक असाव्यात, असा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, अंदाज आहे. यांपैकी कित्येक जागा प्रत्यक्षात फारशा दूषित नसतातही, पण तपासल्याशिवाय ते कळत नाही आणि पदरचे पैसे खर्चून तपासायला कोणी पुढे येत नाही.

या अडचणीचे मूळ एका चांगल्या कायद्यात आहे. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथे पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर उभी राहिलेली वस्ती हलवावी लागल्यानंतर, १९८० मध्ये ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि त्याने सफाईची जबाबदारी प्रदूषण करणाऱ्याबरोबरच जमिनीच्या सध्याच्या मालकावरही टाकली. साहजिकच खरेदीदार आणि बँका अशा जागांपासून चार हात दूर राहू लागल्या. २००२ च्या दुरुस्तीने खरेदीपूर्वी रीतसर चौकशी करणाऱ्या निर्दोष खरेदीदाराला काही अटींवर संरक्षण दिले आणि त्या चौकशीसाठी सरकारी अनुदानाची तरतूदही केली.

ही चौकशी दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात मातीला हात लावला जात नाही. जुनी खरेदीखते, हवाई छायाचित्रे आणि आगीच्या विम्यासाठी काढलेले सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे पाहून कोणत्या कोपऱ्यात तेलाची टाकी होती, रंगकाम कोठे चाले, ट्रान्सफॉर्मर कोठे होता, हे ठरवले जाते. मात्र हे नकाशे मुख्यतः शहरांचे आणि गावठाणांचे असल्याने आडरानातील लाकडाच्या वखारीसाठी किंवा कातडी कमावण्याच्या कारखान्यासाठी बरेचदा जुन्या कामगारांच्या आठवणींवरच विसंबावे लागते. दुसऱ्या टप्प्यात संशयित ठिकाणी भोके पाडून माती आणि भूजलाचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले जातात, आणि खर्च खऱ्या अर्थाने वाढतो तो येथेच.

शहरात जमिनीचा भाव हा खर्च सहज पचवतो. खेड्यात मात्र कधी कधी जमिनीच्या किमतीपेक्षा तपासणीच महाग पडते, आणि म्हणूनच सार्वजनिक पैशाची खरी निकड ग्रामीण भागाला आहे. मेन राज्यातील मिलिनॉकेटचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. जेमतेम चार हजार वस्तीच्या या गावाचा संसार १९०० पासून कागद गिरणीवर चालला आणि ती २००८ मध्ये बंद पडली. पुढे ‘अवर कटाडिन’ या स्थानिक ना-नफा संस्थेने गिरणीची जागा एका डॉलरला विकत घेतली, पण त्याबरोबर सुमारे चौदा लाख डॉलरचा थकीत कराचा बोजाही आला. जुन्या कागद गिरणीत ॲस्बेस्टॉसचे वेष्टण असलेल्या वाफेच्या नळ्या, इंधन तेलाच्या टाक्या आणि बॉयलरची राख अशा साऱ्याच गोष्टींचा संशय धरावा लागतो. एका डॉलरची जागा म्हणजे फुकटची जागा नव्हे, हे उघड आहे.

२०१८ च्या ‘बिल्ड’ कायद्याने अशा ना-नफा संस्थांनाही तपासणीच्या अनुदानास पात्र ठरवले, तर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्राउनफील्ड कार्यक्रमासाठी दीड अब्ज डॉलर दिले. तरीही पैसा आहे म्हणून तो खेड्यापर्यंत पोहोचतोच असे नाही, कारण ही अनुदाने स्पर्धेतून मिळतात, आणि ज्या नगरपालिकेत एकच कारकून जन्मनोंदीपासून पाणीपट्टीपर्यंत सारे पाहतो, तिने व्यावसायिक सल्लागार नेमणाऱ्या शहरांशी अर्ज लिहिण्यात बरोबरी करावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. कॅन्सस राज्य विद्यापीठासारख्या संस्थांमार्फत दिले जाणारे विनामूल्य तांत्रिक साहाय्य, तसेच गावाच्या हाती रक्कम न देता ईपीएने स्वतःच तज्ज्ञ पाठवून तपासणी करून देण्याची सोय, हे दोन मार्ग त्यामुळे लहान गावांना मोठ्या अनुदानापेक्षा अधिक उपयोगी ठरू शकतात.

पहिल्या टप्प्याच्या अहवालालाही मुदत असते. खरेदीच्या वेळी कायद्याचे संरक्षण हवे असेल, तर त्यातील जागेची पाहणी, मुलाखती, सरकारी नोंदींचा आढावा असे महत्त्वाचे भाग १८० दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत. शहरात तेवढ्या अवधीत गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता असते, तर ज्या गावात वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, त्याला तोच अहवाल पुन्हा अद्ययावत करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी पैसेही पुन्हा उभे करावे लागतात.